खान्देशातल्या कॅम्पसवर पर्यावरणपूरक इमारत: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात नवी इमारत ठरली की बांधकाम समितीच्या दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, 'इमारत ग्रीन करायची.' तोवर नकाशा झालेला असतो. मग छतावर सौर पॅनेल, पावसाच्या पाण्याचा एक खड्डा आणि दर्शनी भागात चार कुंड्या अशी भर पडते. इमारत मात्र मे महिन्यात तशीच तापते आणि दोन वर्षांत खोल्याखोल्यांतून एसी लागतात.

चूक साहित्याची नसते, क्रमाची असते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत आधी ऊन अडवायचं, मग उष्णता बाहेर काढायची, मग विजेची उपकरणं ठरवायची आणि पॅनेल सगळ्यांत शेवटी. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर पुढच्या टप्प्याचा खर्च वाढतो.

टप्पा १: नकाशाआधीची तयारी

आर्किटेक्टला बोलावण्याआधी चार गोष्टी हातात ठेवा.

पहिली, आवारातल्या सध्याच्या इमारतींची गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि पाण्याचा हिशेब. टँकर आले असतील तर तेही धरा. दुसरी, जागेचा उतार दाखवणारा सर्व्हे. त्यात प्रत्येक मोठं झाड आणि पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं याची रेघ हवी. तिसरी, माती परीक्षण. चौथी गोष्ट सहसा कुणी करत नाही, ती म्हणजे वापराचं वेळापत्रक.

'उन्हाळ्यात सुट्टीच असते' हे गृहीत धरून कित्येक इमारती आखल्या जातात. प्रत्यक्षात एप्रिल-मेमध्ये विद्यापीठाच्या परीक्षा चालू असतात, उत्तरपत्रिका तपासणी असते, पाठोपाठ प्रवेशांची गर्दी. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो त्याच दिवसांत परीक्षा हॉल भरलेला असतो. म्हणून प्रत्येक खोलीपुढे लिहा: कोणत्या महिन्यात, किती ते किती वाजेपर्यंत, किती माणसं.

याच तक्त्यातून कधी कधी कळतं की नव्या इमारतीची गरजच कमी आहे. सकाळी अकरापर्यंत भरलेल्या आणि दुपारी रिकाम्या असलेल्या वर्गखोल्या दोन विभागांनी वाटून वापरल्या तर एक मजला वाचतो. न बांधलेल्या मजल्याइतकी पर्यावरणपूरक गोष्ट दुसरी नाही. हे बोलायला अवघड असतं, पण समितीत बोलाच.

*तपासा:* दिवसा वापरायच्या खोल्या आणि रात्री वापरायच्या खोल्या वेगळ्या यादीत आहेत का? टप्पा ५ मध्ये भिंती या यादीवरूनच ठरणार आहेत.

टप्पा २: माती आणि जागा

खान्देशाचा बराच भाग काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. पाया या हालचालीच्या पट्ट्यात ठेवला की प्लिंथ, म्हणजे इमारतीचं जोतं, उचलतो, भिंतीला तिरप्या चिरा जातात आणि पाच वर्षांत दुरुस्ती निघते. वारंवार दुरुस्त होणारी इमारत कोणत्याही अर्थाने टिकाऊ नाही.

मुरूम किंवा खडक वर असेल तर काळी माती काढून थेट त्यावर जा. माती खोल असेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेला खांब, हा रुळलेला उपाय आहे. भारतीय मानकात काळ्या मातीसाठी त्याची किमान लांबी साडेतीन मीटर धरली आहे, कारण ऋतुमानाने होणारी हालचाल साधारण त्याच्या वरच्या थरात असते. इमारतीभोवती दीड मीटर रुंदीचा, बाहेर उतार दिलेला पक्का पट्टा ठेवा, म्हणजे पायाशी पाणी मुरणार नाही.

पश्चिमेकडचं जुनं कडुनिंबाचं झाड हे तुमचं पहिलं उपकरण आहे. ते तोडून बदल्यात दहा रोपं लावली तरी तेवढी सावली मिळायला पंधरा वर्षं जातात. पण काळ्या मातीत नवीन मोठं झाड भिंतीला चिकटून लावू नका. मुळं पायाखालची माती कोरडी करतात आणि ती एका बाजूनेच खचते. झाड पुढे जेवढं उंच वाढेल, साधारण तेवढं अंतर सोडा.

*इशारा:* उतारावरून येणाऱ्या पाण्याची जुनी वाट बुजवून त्यावर पार्किंग करू नका. दोन-तीन वर्षं काही होत नाही, मग एका रात्रीच्या पावसात तळमजल्यात पाणी शिरतं.

टप्पा ३: दिशा

इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे मोठ्या भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला तोंड करतात. या एका निर्णयाला एक रुपयाही लागत नाही, आणि तो नंतर कधीच बदलता येत नाही.

खान्देश साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. मार बसतो तो छताला, सकाळी पूर्वेच्या भिंतीला आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दुपारी तीननंतर पश्चिमेच्या भिंतीला.

म्हणून पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहं, स्टोअर, लिफ्ट ठेवा. तिथे माणूस तासन्‌तास बसत नाही आणि या खोल्यांचा थर आतल्या वर्गाला आडोसा देतो.

एका महाविद्यालयात मी अभ्यासिकेचा हॉल पश्चिमेला पाहिला, समोर पूर्ण उंचीची काच. हेतू चांगला होता: भरपूर उजेड. पण मुलांनी काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती, त्यावर पडदे ओढले होते आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावून ती वाचत बसली होती. रात्रपाळीच्या रखवालदाराने मला शेजारच्या भिंतीला हात लावायला लावला. 'सायेब, हायी भित अर्धी रातले बी थंडी व्हत नही.' साडेनऊ वाजले होते आणि भिंत तव्यासारखी होती.

रस्ता पश्चिमेला आहे म्हणून दर्शनी भाग पश्चिमेला, हा आग्रह जवळपास प्रत्येक समितीत होतो. प्रवेशद्वार आणि व्हरांडा पश्चिमेला ठेवा, वर्ग नको.

*तपासा:* उत्तर दिशा नकाशावर खरोखर मोजून टाकली आहे का? जुन्या ले-आउटवरून उचललेली दिशा चुकीची निघाल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

टप्पा ४: सावली आणि खिडक्या

'सगळीकडे दोन फुटांचा छज्जा' ही सवय सोडा. प्रत्येक दिशेचा छज्जा वेगळा असतो.

दक्षिण बाजूचा हिशेब सोपा आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारी बारा वाजता इथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ६९ अंश वर असतो. तेव्हा ६० सेंटीमीटरचा छज्जा खाली साधारण १५५ सेंटीमीटरपर्यंत सावली टाकतो, म्हणजे नेहमीची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात सूर्य ४५-४६ अंशांवर उतरतो आणि तोच छज्जा फक्त ६० सेंटीमीटर झाकतो. थंडीतलं कोवळं ऊन वर्गात येतं. आपल्याला हेच हवं आहे.

पूर्व-पश्चिमेला हा हिशेब चालत नाही. सूर्य खाली असतो, कितीही लांब छज्जा केला तरी ऊन त्याच्या खालून आत येतं. तिथे उभ्या पट्ट्या, विटांची किंवा सिमेंटची जाळी, नाहीतर खोल व्हरांडा लागतो. उत्तरेलाही पूर्ण सूट नाही. मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीला सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन लागतं. छोटा छज्जा आणि बाजूला एक उभी पट्टी पुरते.

ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत, म्हणजे ईसीबीसी २०१७ मध्ये, खिडक्यांचं क्षेत्रफळ बाहेरच्या भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. ती कमाल मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नाही. आपल्याकडच्या वर्गाला त्याहून बरंच कमी पुरतं, फक्त खिडकीचा वरचा काठ छताजवळ न्या, म्हणजे उजेड खोलीत आतपर्यंत जातो.

जाळी लावताना दोन गोष्टींची आठवण ठेवा: कबुतरं आणि आग्या मोहोळ. जाळी आणि खिडकी यांच्यामध्ये माणूस शिरून झाडू शकेल एवढी जागा ठेवा आणि बाहेरून बारीक नेट मारा. उंच छज्ज्याखाली मोहोळ बसलं की परीक्षेच्या दिवसांत मजला बंद ठेवावा लागतो. तिथपर्यंत पोहोचायची सोय नकाशातच करा.

टप्पा ५: छत आणि भिंती

वरच्या मजल्याची सर्वाधिक उष्णता छतातून येते. खान्देशातली जुनी धाब्याची घरं उन्हाळ्यात सुसह्य असायची ती जाड मातीच्या थरामुळे. आज तो थर घालायचा नाही, पण काम तेच करायचं आहे.

क्रम असा: स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर उष्णतारोधक बोर्ड, त्यावर उताराचा कोबा आणि सगळ्यांत वर पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक किंवा उष्णता परतवणारा पांढरा लेप. नुसता ब्रिकबॅट कोबा केला की उष्णता रोखली गेली असं बरेच जण समजतात. विटांचे तुकडे उष्णता उशिरा आत सोडतात, थांबवत नाहीत. आणि त्याचं वजन बरंच असतं, म्हणून थराची जाडी स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी सांगा.

*इशारा:* भविष्यात सौर पॅनेल लावायचे असतील तर त्यांच्या खांबांचे पेडेस्टल, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, स्लॅबबरोबरच ओतून घ्या. वॉटरप्रूफिंग झाल्यावर ड्रिल मारून बोल्ट ठोकलेली छतं पहिल्याच पावसाळ्यात गळतात, आणि मग दोष पॅनेलवाल्याचा की कोबावाल्याचा यावर वर्षभर पत्रव्यवहार चालतो.

आता भिंती. इथे टप्पा १ मधली यादी काढा. नऊ इंची विटांची भिंत बाहेरची उष्णता आत पोहोचवायला सहा ते आठ तास लावते. सायंकाळी पाचला रिकाम्या होणाऱ्या वर्गासाठी हा उशीर फायद्याचा आहे. वसतिगृहासाठी तीच भिंत त्रासाची, कारण दुपारी तीनची उष्णता रात्री दहाला खाटेशेजारी बाहेर पडते. वसतिगृहाला म्हणूनच बाहेरून उष्णतारोधक असलेली किंवा एएसी ब्लॉकसारखी (हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) हलकी भिंत, फिकट रंग आणि पश्चिमेला व्हरांडा द्या. वर्गांचा आणि वसतिगृहाचा एकच 'टाइप प्लॅन' वापरणं ही या भागातली सर्रास आढळणारी चूक आहे.

साहित्य जवळचं घ्या. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राची राख असल्याने जळगाव भागात फ्लाय ॲश विटा सहज मिळतात. प्रत्येक खेपेतली वीट मात्र तपासा: पाण्यात भिजवून वजन, आणि छातीच्या उंचीवरून टाकून पाहणं. प्रयोगशाळेचा दाब अहवाल वेगळा घ्याच.

*तपासा:* क्युरिंगचं, म्हणजे ताजं सिमेंटकाम ओलं ठेवायचं पाणी कुठून येणार? मार्च ते मेमध्ये स्लॅब टाकणार असाल तर ओलं गोणपाट आणि आळी बांधून पाणी धरणं निविदेतच लिहा. पिण्याच्या पाण्याच्या टँकरने भिंती भिजवणं थांबवा. वर्षाचा क्रम जुळत असेल तर स्लॅबची कामं डिसेंबर-जानेवारीत आणा.

टप्पा ६: हवा, पंखे, थंडावा

खान्देशात वर्षाला निदान तीन हवामानं असतात: एप्रिल-मेची कोरडी आग, जुलै-सप्टेंबरची दमट घुसमट आणि डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री. एकच उपाय तिन्ही काळांत चालत नाही.

मे महिन्यात सकाळी दहा ते सायंकाळी सहा खिडक्या उघड्या ठेवल्या की आत येते ती झळ. तेव्हा खिडक्या बंद, पंखा चालू. आणि रात्री सगळं उघडं, म्हणजे इमारत रात्रभर निवते. हे जमत नाही ते सुरक्षेमुळे, कारण रखवालदार खिडक्या उघड्या ठेवू देत नाही. यावर उत्तर नकाशात आहे: खिडकीच्या वर गज आणि मच्छरजाळी लावलेले वेगळे झरोके, समोरासमोरच्या भिंतींत. खिडकी बंद राहते, झरोका उघडा राहतो.

थंडाव्याची उतरंड अशी ठेवा. सगळीकडे पंखे. परीक्षा हॉल, ग्रंथालय, सभागृह यांना डक्टिंग कूलर, म्हणजे पाण्याने गार केलेली हवा नळीतून आत सोडणारा मोठा कूलर. कोरड्या उन्हाळ्यात तो एसीच्या तुलनेत फार थोड्या विजेत काम करतो, पण जुलैत निरुपयोगी ठरतो आणि पाणी पितो, म्हणून त्याचं पाणी टप्पा ७ च्या हिशेबात धरा. एसी फक्त सर्व्हर, संगणक कक्ष आणि ज्या प्रयोगशाळेला ठरावीक तापमान लागतं तिथे.

संगणक कक्षातही आधी उष्णता कमी करा. ४० डेस्कटॉप प्रत्येकी १२० वॅट धरले तर ४.८ किलोवॅट उष्णता होते, म्हणजे जवळजवळ दीड टनाचा एसी निव्वळ यंत्रांसाठी. कमी विजेचे संगणक घेतले की एसीही लहान लागतो.

पंख्यांचा हिशेब समितीपुढे मांडा, पटतो. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. ३०० पंखे, दिवसाला ८ तास, वर्षाला २०० दिवस: २१,६०० युनिट वाचतात. एवढी वीज तयार करायला सुमारे १५ किलोवॅटचं सौर संच लागतं. म्हणून पंखे आधी, पॅनेल नंतर.

टप्पा ७: पाणी

छतावरच्या पावसाबद्दल मोठ्या अपेक्षा असतात, म्हणून आकडा करून पाहा. १,००० चौरस मीटर छत, वर्षाला ७०० मिलीमीटर पाऊस, त्यातलं ८० टक्के हाती लागलं तर ५ लाख ६० हजार लिटर. राष्ट्रीय इमारत संहितेत दिवसा चालणाऱ्या शिक्षणसंस्थेसाठी माणशी ४५ लिटर धरतात. ५०० विद्यार्थ्यांना रोज २२,५०० लिटर लागले तर हे पाणी साधारण २५ दिवस पुरतं. नवापूर-अक्कलकुव्याकडे पाऊस जास्त, शिंदखेड्याकडे कमी. आपल्या तालुक्याचा आकडा घाला.

याचा अर्थ प्रचंड टाकी बांधू नका. पहिल्या पावसाचं घाण पाणी वळवणारा व्हॉल्व्ह, एक मध्यम टाकी आणि उरलेलं पाणी जमिनीत. पुनर्भरण जागेनुसार बदलतं. यावल-रावेर पट्ट्यात तापीचा गाळ आहे, तिथे खोल पुनर्भरण शाफ्ट उपयोगी पडतो. इतरत्र कातळ असेल तर भेगा नसलेल्या दगडात खड्डा खणून पाणी नुसतं साचून राहतं. भूजल तज्ज्ञाला जागा दाखवल्याशिवाय खणू नका. आणि गाळणीशिवाय छताचं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका. बोअर गाळाने भरतो तो परत साफ होत नाही.

खरी बचत नळाला आहे: हवामिश्रित तोटी, ३ आणि ६ लिटरचा दुहेरी फ्लश, गळती दाखवणारं मीटर प्रत्येक मजल्यावर. वॉशबेसिनचं पाणी फ्लशला किंवा झाडांना वापरायचं असेल तर वेगळी पाइपलाइन प्लंबिंग सुरू होण्याआधी हवी. टाइल्स बसल्यावर ही कल्पना सुचली तर ती सोडून द्यावी लागते.

टप्पा ८: आता सौर पॅनेल

इथवर इमारतीची विजेची मागणी उतरलेली असेल, म्हणून संचही लहान पुरतं. ढोबळ हिशेब: १ किलोवॅटला १० चौरस मीटर मोकळं छत, दिवसाला सरासरी ४ युनिट. कल सुमारे २० अंश, तोंड दक्षिणेला. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली छताच्या उत्तर बाजूला सरकवा, नाहीतर हिवाळ्यात त्यांची सावली पॅनेलवर पडते.

पॅनेल तापलं की उत्पादन घटतं, २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. ते छताला चिकटवू नका. माणूस खालून चालेल एवढ्या उंचीवर घेतलं तर खालून हवा खेळते आणि छतालाही सावली मिळते. उन्हाळी धूळ बसते, म्हणून वर पाण्याचा नळ आणि चढायला नीट जिना हवा. नेट मीटरिंगचा (जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याचा) अर्ज महावितरणकडे संच बसवण्याआधी करा.

टप्पा ९: निविदा आणि साइट

नकाशातली प्रत्येक चांगली गोष्ट निविदेत आयटम म्हणून लिहा: जाडी, घनता, चाचणी यांसह. 'किंवा समतुल्य' या दोन शब्दांत उष्णतारोधक बोर्ड गायब होतो आणि त्याच्या जागी थर्माकोल येतो. खर्च कमी करायची वेळ आली तर दर्शनी ग्रॅनाइट काढा, छज्जे काढू नका. छज्जे हा पहिला बळी असतो, कारण ते 'दिसायला साधे' असतात.

ग्रिहा किंवा आयजीबीसीचं हरित इमारतीचं मानांकन घ्यायचं असेल तर नोंदणी आराखड्याच्या टप्प्यावर करा. बांधकामाच्या काळातल्या नोंदी आणि फोटो मागाहून जमवता येत नाहीत.

टप्पा १०: ताबा घेतल्यावर पहिलं वर्ष

प्रत्येक मजल्यावर एक साधा तापमापक टांगा आणि मे, ऑगस्ट, डिसेंबर या तीन महिन्यांत सकाळी ११, दुपारी ४ आणि रात्री ९ चं तापमान वहीत लिहा. पश्चिमेची खोली बाकीच्यांहून जास्त तापत असेल तर लगेच जाळी किंवा वेलीचा मांडव घाला, एसीची मागणी यायची वाट पाहू नका.

झरोके कधी उघडायचे, कूलरचं पाणी कधी बदलायचं, पन्हाळी कधी साफ करायच्या हे एका पानावर मराठीत लिहून शिपाई आणि रखवालदार यांच्या खोलीत लावा. पन्हाळी आणि गाळणीचा खड्डा मे महिन्याच्या अखेरीस साफ झालाच पाहिजे. कंत्राटदाराची अनामत रक्कम परत करण्याआधी एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. ही अट निविदेत घालायची वेळ टप्पा ९ मध्येच असते.